उड्डाणापूर्वी विमानतळावरच्या बारमध्ये वाइन आणि छोट्या बशा: तुमचे मत काय?

निवांत_प्रवासी

सुरक्षा तपासणी आटोपल्यानंतर आणि गेटकडे निघण्यापूर्वी जो तास-दीड तास हाताशी उरतो, त्याचे काय करायचे हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलेले असते. मी तो वेळ विमानतळावरच्या बारमध्ये घालवतो. वाइनचा एक ग्लास, सोबत खाण्याच्या दोन-तीन छोट्या बशा, आणि त्यानंतर विमानात पाण्याखेरीज काहीही नाही, असा माझा शिरस्ता आहे. माझ्यासोबत प्रवास करणाऱ्यांना तो मुळीच पटत नाही. विमानात तिकिटाच्या पैशांतच वाइन मिळत असताना खाली दामदुप्पट मोजण्यात कसले शहाणपण, असा त्यांचा सवाल असतो.

माझे म्हणणे असे आहे की वर मिळणारी वाइन फुकट असली तरी तिची चव आपल्याला धड लागतच नाही. विमानातील हवेची आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली असते आणि केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून ६००० ते ८००० फूट उंचीवर असावा इतका कमी ठेवलेला असतो. नाक कोरडे पडले की गंध मंदावतो, आणि वाइनच्या चवीतून गंध वजा केला तर आंबट, तुरट आणि किंचित गोड यांपलीकडे फारसे काही शिल्लक राहत नाही. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी कमी दाबाच्या केबिनमध्ये चवीचे प्रयोग केले होते, त्यांतही मीठ आणि साखर या दोन्हींची जाणीव जमिनीच्या तुलनेत कमी झाल्याचे आढळले होते. असे असताना ज्या ग्लासाचा आस्वाद घ्यायचा आहे तो जमिनीवरच का घेऊ नये?

आपण काय करता, उड्डाणाच्या किती आधी बसता आणि सोबत काय मागवता, हे जाणून घ्यायला आवडेल. न पिणाऱ्यांनीही अवश्य लिहावे, मात्र ‘पिऊच नये’ अशा एका वाक्यात प्रतिसाद आटोपू नये.

गेट_बदलले

पिऊच नये. एका वाक्यात आटोपायचे नसल्यामुळे हे दुसरे वाक्य लिहीत आहे.

खिडकीची_जागा

निवांत_प्रवासी, तुमच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे. एका प्रवासात योगायोगाने असे घडले की बारमध्ये जी रेड वाइन घेतली होती तीच, त्याच वर्षाची, विमानातल्या जेवणासोबत पुढे आली. खाली तिला काळ्या मनुकांसारखा दाट वास होता आणि घोट उतरल्यानंतरही तो बराच वेळ रेंगाळत होता. वर त्याच वाइनने हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या आणि वास शोधायला प्लास्टिकच्या ग्लासात अक्षरशः नाक खुपसावे लागले. विमान कंपन्यांचे वाइन निवडणारे तज्ज्ञ भरपूर फळवासाच्या आणि कमी तुरट वाइन पसंत करतात ते उगाच नव्हे.

तथापि सर्वच चवी वर मंदावतात असे मानणेही बरोबर नाही. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना सुमारे ८५ डेसिबल इतका, म्हणजे विमानाच्या केबिनमध्ये असतो तसा, आवाज ऐकवत चवी ओळखायला लावल्या. त्यांत गोडाची जाणीव कमी झाली, पण उमामी (टोमॅटो, मशरूम, जुने चीज यांत असते ती भरीव, रुचकर चव) मात्र अधिक ठळक लागली. एरवी टोमॅटोच्या रसाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे विमानात तो आवर्जून का मागतात, याचे उत्तर बहुधा येथेच असावे. म्हणून माझा क्रम सरळ आहे: वाइन खाली आणि टोमॅटोचा रस वर.

नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर असल्यामुळे थोडा विरस करणे माझ्याकडे आले आहे. या धाग्यात आतापर्यंत ग्लास कुठे रिकामा होतो याचीच चर्चा झाली, परंतु त्यातले मद्य कुठे जाते याचा विचार झालेला नाही. ग्लास जमिनीवर ठेवून तुम्ही निघालात तरी मद्य तुमच्या रक्तातून तुमच्यासोबतच विमानात चढते.

कोलोन येथील जर्मन अवकाश केंद्राच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. १८ ते ४० वयाच्या ४८ निरोगी व्यक्तींना त्यांनी दोन गटांत विभागले. एक गट साध्या निद्राप्रयोगशाळेत आणि दुसरा विमानाच्या केबिनइतक्या कमी दाबाच्या कक्षात चार तास झोपला. प्रत्येकाने एक रात्र मद्य घेऊन आणि एक रात्र न घेता काढली, आणि मद्याचे प्रमाण साधारण दोन ग्लास वाइनइतके होते. कमी दाबात मद्य घेऊन झोपलेल्यांच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास उतरले आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ८८ च्या जवळ गेले. त्याच कक्षात मद्य न घेता हेच आकडे ८८ टक्के आणि ७३ ठोके असे होते. म्हणजे ऑक्सिजन नुसत्या उंचीनेही उतरतो, मद्य त्यात आणखी भर घालते, आणि झोप लागल्यावर श्वास संथ होत असल्याने हे सारे अधिक जाणवते. तरुण आणि धडधाकट माणसाला यातून बहुधा काही होणार नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्याने मात्र रात्रीच्या लांब उड्डाणापूर्वी ‘एक ग्लास घेऊन मस्त झोपू’ असा बेत करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

एक गैरसमजही येथेच दूर करतो. ‘विमानात दारू दुप्पट चढते’ असे छातीठोकपणे सांगितले जाते, परंतु केबिनमधल्या कमी दाबामुळे रक्तातील मद्याचे प्रमाण वाढत नाही. ऑक्सिजन कमी, पाणी कमी आणि झोप अपुरी असल्यामुळे माणसाला तसे वाटते.

निवांत_प्रवासी

नाडीपरीक्षा, सविस्तर प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. मग विमानात चढण्यापूर्वी ते मद्य शरीरातून जाण्यासाठी किती वेळ द्यावा, याचा काही ठोकताळा आहे का?

नाडीपरीक्षा

१२ टक्के मद्यार्काच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये साधारण १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो आणि सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीचे यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच्या वेगाने त्याचा निचरा करते, म्हणजे एका ग्लासासाठी दीड ते दोन तास धरावेत. हा वेग कॉफीने, थंड पाण्याने किंवा गेटपर्यंत भरभर चालण्याने वाढत नाही. वजन, लिंग, वय आणि सुरू असलेली औषधे यांनुसार फरक पडतो, त्यामुळे हा हिशेब अंदाजापुरताच ठेवावा.

चखणा_प्रथम

सगळे वाइनविषयीच बोलत आहेत आणि बशा बिचाऱ्या कोपऱ्यात पडून आहेत, म्हणून त्यांची बाजू मी मांडतो.

मद्याचा थोडासा भाग जठरातून आणि बहुतांश भाग लहान आतड्यातून रक्तात शिरतो. जठरात अन्न असले, विशेषतः त्यात स्निग्धांश आणि प्रथिने असली, की जठराचे खालचे दार हळूहळू उघडते आणि मद्य आतड्यात थेंबाथेंबाने पोहोचते. म्हणून पहिली बशी पहिल्या घोटाच्या आधी यायला हवी. बहुतेक ठिकाणी वाइन दोन मिनिटांत येते आणि खाणे पंधरा मिनिटांनी, त्यामुळे उपाशीपोटी अर्धा ग्लास संपलेला असतो. मी पाव आणि चीज आधी आणायला सांगतो आणि वाइन त्यानंतर मागवतो. वेटर क्षणभर चमकतो, पण ऐकतो.

आता जोड्यांविषयी. खारवलेले ऑलिव्ह, खारे बदाम आणि चीज या बारच्या नेहमीच्या बशा वाइनला का शोभतात, तर मिठामुळे वाइनमधला कडवटपणा आणि तुरटपणा बोथट होतो. आंबटसर कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) व्हाइट वाइन तेलकट आणि खाऱ्या पदार्थांना तोलून धरते, म्हणून एकच ग्लास घ्यायचा आणि बशा तीन निरनिराळ्या असतील तर तीच सर्वांत सोयीची पडते. तिखट पदार्थाबरोबर जास्त मद्यार्काची वाइन घेतली तर तोंडातली आग वाढते. गोड पदार्थासोबत कोरडी वाइन निव्वळ आंबट लागते. आणि तेलकट मासळीबरोबर रेड वाइन घेतल्यावर तोंडात जी धातूसारखी, उग्र चव येते, ती वाइनमधल्या लोहामुळे येते, असे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले आहे.

मात्र याच खाऱ्या बशा विमानात बसल्यावर सूड उगवतात. एकीकडे वाइन लघवीचे प्रमाण वाढवते, दुसरीकडे मीठ तहान वाढवते, आणि आपण तीन आसनांच्या रांगेत खिडकीशी अडकलेले असतो. त्यामुळे वाइनच्या ग्लासाइतकाच पाण्याचा ग्लास मागवावा आणि तो शोभेपुरता ठेवू नये.

खिडकीची_जागा

शेवटचा परिच्छेद माझ्या सदस्यनामाला उद्देशून आहे की काय, अशी शंका येते.

नाडीपरीक्षा

चखणा_प्रथम यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. दाब कमी झाला की बंदिस्त वायू प्रसरण पावतो; केबिनमधला दाब ८००० फूट उंचीवरच्या इतका असताना पोटातला वायू जमिनीवरच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने अधिक जागा व्यापतो. म्हणून फसफसणारी वाइन, हुमुस (काबुली चण्यांची दाट चटणी) आणि शेंगादाण्यांचे पदार्थ ही त्रयी एकत्र घेऊन विमानात बसणे स्वतःला आणि शेजाऱ्याला त्रासदायक ठरू शकते. शिवाय फसफसणाऱ्या वाइनमधील कार्बन डायऑक्साइडमुळे मद्य रक्तात लवकर शिरण्याकडे कल असतो, त्यामुळे तिच्याबरोबर खाणे अधिकच आवश्यक ठरते.

गेट_बदलले

हुमुस गेले, बुडबुडे गेले, रात्रीची झोप गेली. डॉक्टरसाहेब, आता धाग्यात केवळ पाव उरला आहे, तेवढा राहू द्यावा ही विनंती.

काउंटरमागून

मी काही वर्षे एका विमानतळावरच्या बारमध्ये काम केले आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बाटलीची. ग्लासवर विकली जाणारी वाइन किती चांगली आहे यापेक्षा ती बाटली कधी उघडली आहे याला अधिक महत्त्व आहे. उघडी बाटली हवेमुळे हळूहळू मिटत जाते आणि दोन-तीन दिवसांत तिचा गंध पार बसतो. काही ठिकाणी आर्गॉन वायू भरून किंवा हवा ओढून घेऊन बाटल्या टिकवतात, परंतु सर्वत्र तशी सोय नसते. यादीतली सर्वांत भारी वाइन दिवसाला एखादाच ग्लास खपते, म्हणून तीच सर्वांत शिळी असण्याची शक्यता असते. जी सर्वाधिक खपते ती ताजी असते. ‘ही बाटली आज उघडली आहे का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. विचारणाऱ्या ग्राहकासाठी आम्ही मुकाट्याने नवी बाटली उघडत असू.

दुसरी तापमानाची. बारमध्ये रेड वाइन प्रखर दिव्यांखालच्या फळीवर उभी असते आणि ती हवी त्यापेक्षा बरीच कोमट मिळते. तिला १५ ते १८ अंश सेल्सिअस पुरेसे असतात, त्यामुळे पाच-दहा मिनिटे बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगितले तर तिचा चेहरामोहराच बदलतो. व्हाइट वाइनचे नेमके उलट असते: ती इतकी गार येते की वास दडून बसतो, म्हणून ग्लास थोडा वेळ तळहातांत धरावा.

तिसरी गोष्ट मापाची, आणि ती डॉक्टरांच्या हिशेबाशी जोडून वाचावी. ‘एक ग्लास’ हे काही ठरलेले माप नव्हे. ब्रिटनमध्ये १२५, १७५ आणि २५० मिलिलिटर अशी मापे चालतात. अमेरिकेत साधारण १५० मिलिलिटर ओततात. घाईत असलेला ग्राहक ‘लार्ज’ म्हणतो, दोनदा म्हणतो, आणि ७५० मिलिलिटरच्या बाटलीचा दोन तृतीयांश भाग पोटात घालून ‘दोनच ग्लास घेतले’ असे प्रामाणिकपणे सांगत गेटकडे जातो.

आणि बिल बशांसोबतच चुकते करावे. नाव पुकारले जात असताना काउंटरवर कार्ड हलवत उभी राहिलेली माणसे आम्ही रोज पाहत असू.

एकटी_प्रवासी

काउंटरमागून, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. त्यात एक भर घालते: अनेक विमानतळांवर आता प्रत्येक उड्डाणाची उद्घोषणा करत नाहीत आणि प्रवाशांनी फलकाकडेच पाहावे अशी अपेक्षा असते, त्यामुळे फलक दिसेल अशीच खुर्ची पकडावी. गेट साधारणपणे सुटण्याच्या वेळेआधी १५ ते २० मिनिटे बंद होते आणि तिकिटावर ठळक छापलेली वेळ सुटण्याची असते, हे पहिला घोट घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

चव आणि ऑक्सिजन यांची चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मी बारमध्ये जाते ते मुख्यतः बसायला जागा मिळते म्हणून. एकट्या स्त्रीला उपाहारगृहात चौघांच्या टेबलापाशी बसवले की वेटरपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना तिची काळजी वाटू लागते. बारच्या काउंटरवर मात्र एकटे बसणे हीच रीत असते. ग्लास, ऑलिव्हची बशी आणि पुस्तक एवढे समोर असले की तास कसा जातो ते कळत नाही. ग्लास नजरेआड होऊ द्यायचा नाही, अनोळखी माणसाने देऊ केलेले पेय थेट बारटेंडरच्या हातून आल्याशिवाय घ्यायचे नाही आणि पिशवीचा पट्टा पायात अडकवून ठेवायचा, एवढी पथ्ये मी पाळते. मला उड्डाणाची थोडी भीतीही वाटते आणि तो ग्लास ती भीती कमी करतो, हेही सांगायला हरकत नाही.

नाडीपरीक्षा

एकटी_प्रवासी, भीतीसाठी एखादी गोळी घेत असाल तर तो ग्लास त्या दिवशी वर्ज्य समजावा. चिंताशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या आणि प्रवासात मळमळू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या यांच्याबरोबर मद्य घेतल्यास ग्लानी अनेक पटींनी वाढते आणि श्वासही मंदावू शकतो. या धाग्यातून कोणी एकच गोष्ट घ्यायची ठरवली तर ती ही घ्यावी, असे मला वाटते.

एकटी_प्रवासी

गोळी घेत नाही. ग्लास आणि गोळी यांतून एकच निवडायचे असते, हे आमच्या डॉक्टरांनीही बजावले होते.

जुनी_पाने

थोडे इतिहासात डोकावतो. विमानतळ आणि बार यांची मैत्री समुद्रविमानांच्या काळापासूनची आहे. आयर्लंडमधील फोयन्स येथे अटलांटिक ओलांडणारी समुद्रविमाने उतरत असत. १९४३ च्या हिवाळ्यात खराब हवामानामुळे माघारी आलेल्या, थंडीने गारठलेल्या प्रवाशांसाठी तेथील आचारी जो शेरीडन यांनी कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडली आणि आयरिश कॉफी जन्माला आली, असे सांगितले जाते. पुढे १९४७ मध्ये जवळच्याच शॅनन विमानतळावर ब्रेंडन ओ’रेगन यांनी जगातले पहिले करमुक्त दुकान उघडले. म्हणजे उड्डाण लांबले की प्रवाशाला काहीतरी उबदार आणि थोडे चढणारे पाजावे, ही कल्पना प्रवासी जेट विमानांपेक्षाही जुनी आहे.

नियमावली

करमुक्त दुकानाचा विषय निघालाच आहे तर एक सूचना करून ठेवतो. तेथे घेतलेली बाटली विमानात फोडून पिता येत नाही. अमेरिकेच्या हवाई नियमांनुसार विमान कंपनीने स्वतः वाढलेले मद्यच प्रवाशाला विमानात पिता येते, आणि जो नशेत असल्याचे दिसते त्याला विमानात घेण्यास कंपनीला मनाई आहे. ब्रिटनमध्ये विमानात नशेत असणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत अशी की त्याच देशात, इंग्लंड आणि वेल्समधील विमानतळांवर सुरक्षा तपासणीच्या पलीकडचे बार मद्यविक्रीच्या नेहमीच्या परवाना कायद्यातून वगळलेले आहेत, त्यामुळे तेथे पहाटेही ग्लास भरले जातात. रायनएअर या स्वस्त दरांच्या आयरिश विमान कंपनीचे प्रमुख मायकेल ओ’लिअरी यांनी २०२४ मध्ये विमानतळांवर प्रत्येक प्रवाशाला दोनच पेये द्यावीत अशी मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर.

माझ्या मते ही मागणी रास्त आहे. बोर्डिंग पास दाखवल्याशिवाय करमुक्त खरेदी होत नाही, मग तोच पास बारमध्ये दाखवायला काय हरकत आहे?

चखणा_प्रथम

मला हे पटत नाही. जो निवांतपणे एक ग्लास घेतो त्याला पास दाखवायला लावायचे आणि जो घरूनच पिऊन येतो त्याच्यावर नियमाचा काही परिणामच होणार नाही, अशी ही रचना होईल. शिवाय ज्या कंपन्या विमानात गाडी फिरवून मद्य विकतात त्यांनी खालच्या बारवर बंधने मागावीत, यात थोडा धंद्याचाही वास येतो.

काउंटरमागून

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र नियम झाला तरी त्याची अंमलबजावणी काउंटरवर एकट्याने उभ्या असलेल्या तरुण मुलाला करावी लागेल. आमच्याकडे ‘आता बास’ म्हणण्याची मुभा होती आणि आम्ही ती वापरतही होतो, पण उड्डाणाला चार तास उशीर झालेल्या घोळक्याला ते सांगणे सोपे नसते.

गेट_बदलले

दोन पेयांची मर्यादा आली तर न पिणाऱ्या प्रवाशांना आपला वाटा हस्तांतरित करण्याची सोय असावी. मी माझा वाटा माफक दरात देण्यास तयार आहे.

निवांत_प्रवासी

सर्वांचे आभार. प्रश्न चवीपुरता विचारला होता, उत्तरे मात्र यकृतापासून कायद्यापर्यंत पोहोचली. चवीसाठी जमिनीवरच प्यावे या मतावर मी अजूनही ठाम आहे, फक्त रात्रीच्या लांब उड्डाणापूर्वी आणि उतरल्यावर गाडी चालवायची असेल तेव्हा तो ग्लास गाळावा हे पटले. १५० मिलिलिटरचे माप, त्याआधी चीज आणि पाव, आणि बसणे गेट उघडण्याच्या निदान तासभर आधी, असा बदल करून पाहीन. एक शंका मात्र उरते: सगळे वेळेचे गणित जमवून बसल्यावर फलकावर ‘दोन तास विलंब’ असे झळकले तर काय करावे? खुर्ची सोडली तर ती परत मिळत नाही आणि धरून ठेवायची तर काहीतरी मागवावे लागते.

काउंटरमागून

खुर्ची सोडू नये. सोडावॉटर किंवा कॉफी मागवली तरी कोणी उठवत नाही. आम्हाला रिकामे टेबल आणि तिसरा ग्लास मागणारा ग्राहक या दोन्हींपेक्षा कॉफीवाला परवडतो. मात्र रात्रीची वेळ असेल तर खाण्याची ऑर्डर ताबडतोब द्यावी, कारण स्वयंपाकघर बारच्या बरेच आधी बंद होते आणि त्यानंतर काउंटरवर खाऱ्या दाण्यांच्या वाटीशिवाय काहीही मिळत नाही.